मदत हवी आहे: दुर्बिणीतून अपेंडिक्स काढताना बेस (अपेंडिक्सचे आतड्याला जोडलेले मूळ) कशाने बंद करावा?

माणदेशी_स्काल्पेल
तालुक्याच्या गावी लहान रुग्णालयात लॅप अपेंडिक्स नियमित सुरू करायचे आहे. बेंबीत १० मिमी, खाली आणि डावीकडे ५-५ मिमी पोर्ट (उपकरणे आत न्यायच्या नळ्या), टेलिस्कोप १० मिमी. बेससाठी बाहेर बांधून आत सरकवायची रोडर गाठ, तयार एंडोलूप (गाठ बांधूनच येणारा फास), हेमोलॉक (लॉक होणारी पॉलिमर क्लिप) आणि स्टेपलर असे पर्याय दिसतात. सगळे ठेवणे परवडणार नाही. साध्या केसमध्ये गाठ आणि क्लिप यांत सुरक्षिततेचा फरक आहे का? क्लिप कुठल्या मापाची घ्यावी? आणि स्टेपलरवाचून खरेच कधी अडते?

गाठवाला
बेस निरोगी असेल तर फरक वेळेचा आणि पैशाचा, सुरक्षिततेचा नाही. २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण) एकूण गुंतागुंतीत ठोस फरक दिसला नाही, गाठीला सरासरी ९ मिनिटे जास्त लागली. अपेंडिसायटिसवरच्या २०२० च्या जेरुसलेम मार्गदर्शक सूचनाही एंडोलूप, गाठ किंवा पॉलिमर क्लिप यांनाच पसंती देतात. स्टेपलर गुंतागुंतीच्या केससाठी, तोही सर्जनला आत दिसेल त्यावर आणि हाताशी काय आहे त्यावर.

गाठ बिघडते ती बहुधा दोन कारणांनी. एक म्हणजे धागा. मूळ रोडर गाठ, म्हणजे एक अढी, तीन वेढे, पुन्हा एक अढी, ही कॅटगटसाठी (जनावराच्या आतड्यापासूनचा धागा) होती. कॅटगट ओला झाला की फुगतो आणि गाठ आवळून धरतो. पॉलिग्लॅक्टिन (विरघळणारा कृत्रिम धागा) तसा फुगत नाही, म्हणून त्यात २-३-२ बांधा, म्हणजे दोन अढ्या, तीन वेढे, दोन अढ्या. धागा ० नंबरचा, निदान ९० सेमी लांब; आखूड धाग्यावर नॉट पुशर (गाठ आत सरकवायची दांडी) चालवताना हात पोर्टलाच टेकतात.

दुसरे कारण ओढाताण. मेसो (अपेंडिक्सच्या रक्तवाहिन्या असलेली घडी) बेसपर्यंत पूर्ण सोडवा, टीनिया (सीकमवरचे, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागावरचे, स्नायूंचे पट्टे) जिथे एकत्र येतात तिथे बेस आहे याची खात्री करा. फासातून ग्रास्पर (पकड) घालून अपेंडिक्स धरा, फास खाली आणा, पुशरचे टोक जिथे गाठ बसायला हवी नेमके तिथे टेकवा आणि मगच धागा ओढा. आवळताना अपेंडिक्सवरचा ताण किंचित सैल करा. ताणलेलेच ठेवले तर सीकमची भिंत तंबूसारखी फासात ओढली जाते. बेस सुजलेला असताना जोर लावला तर धागा चिरत आत जातो, आणि तसे झाले की दुसरी गाठ त्याच जागी घालण्यात अर्थ नाही.

बेसला दोन गाठी (नीट बसलेली एकही पुरते, पण मी दोनच सांगेन), तिसरी १ सेमी पुढे, मध्ये कापा. स्टंप (मागे उरणारा बुंधा) ३ ते ५ मिमी. त्याहून लांब ठेवला तर स्टंप अपेंडिसायटिसला आमंत्रण, फार आखूड ठेवला तर गाठ निसटते. बेसमध्ये फिकॅलिथ (विष्ठेचा खडा) हाताला लागला तर बांधण्याआधी ग्रास्परने हलकेच दाबत टोकाकडे सरकवा.

ओटी_ताई
डॉक्टर, क्लिपचे माप रंगावरून ओळखतात: हिरवी एमएल ३ ते १० मिमी, जांभळी एल ५ ते १३, सोनेरी एक्सएल ७ ते १६. अ‍ॅप्लायर त्याच रंगाचा लागतो, जांभळ्या क्लिपला सोनेरी अ‍ॅप्लायर चालत नाही. हे ऑर्डर देतानाच पाहा, नाहीतर क्लिप कपाटात पडून राहतात. एल आणि एक्सएलचा अ‍ॅप्लायर १० मिमीचा आहे आणि तुमचा १० मिमी पोर्ट टेलिस्कोपने अडवलेला. म्हणजे एक तर ५ मिमी टेलिस्कोप हवा, नाहीतर डावीकडचा पोर्ट १० चा करायला हवा. क्लिपच्या हिशेबात हा खर्च कोणी धरत नाही.

भरलेला अ‍ॅप्लायर पोर्टमधून नेताना हँडल जेमतेम दाबायचे. जास्त दाबले तर क्लिप आतच लॉक होते. बंद करण्याआधी क्लिपचे आकड्याचे टोक पलीकडे मोकळे दिसलेच पाहिजे. मध्ये मेसोची चरबी आली तर लॉक अर्धवट बसते, वरून मात्र लागल्यासारखे वाटते.

आणि उघडलेला एंडोलूप किंवा स्टेपलरची कार्ट्रिज (पिनांचा संच) ईटीओ (वायूने निर्जंतुक) करून पुन्हा वापरायला कोणी सांगितले तर सरळ नाही म्हणा.

कोकणकडा
स्टेपलरवाचून अडते ते बेसच काळा पडलेला किंवा फुटलेला असतो तेव्हा. तिथे आजारी ऊती बांधायच्याच नाहीत, सीकमच्या निरोगी काठावर जायचे. १२ मिमी पोर्ट, ४५ मिमी निळी कार्ट्रिज (पिना उघड्या ३.५, बंद १.५ मिमी). पांढरी २.५ ची, ती मेसोसाठी. जाड सीकमवर लावू नका. जबडे मिटल्यावर दोन्ही टोके मोकळी आहेत का आणि आयलियम (लहान आतड्याचा शेवटचा भाग) आत आला नाही ना हे पाहा, १५ सेकंद थांबा, मग फायर करा. सुट्या पिना वेचून घ्या, त्यांना आतडे चिकटून अडथळा झाल्याच्या नोंदी आहेत.

माणदेशी_स्काल्पेल
आभारी आहे. स्टेपलर नसताना असा बेस समोर आला तर?

कोकणकडा
आत शिवता येत असेल तर निरोगी सीकमवर ३-० पॉलिग्लॅक्टिनचे सुटे टाके, दोन थरांत. येत नसेल तर ओपन करा, यात कमीपणा नाही. सीकमच सडलेला असेल तर तेवढा भाग काढावा लागतो, तो रुग्ण पुढे पाठवायची तयारी आधीच ठेवा. ड्रेन टाकून कच्चा बेस सोडून येऊ नका.

गाठवाला
खरेदीचे विचाराल तर ० पॉलिग्लॅक्टिन, दोन नॉट पुशर, आणि हात बसेपर्यंत एंडोलूपचा एक डबा. क्लिप ५ मिमी टेलिस्कोप आल्यावर. गाठीचा सराव पेल्विट्रेनरवर (दुर्बिणीच्या सरावाची पेटी) ग्लोव्हच्या बोटावर करा: बोट कापून पाणी भरा, बांधा, दाबा. गळाले तर २-३-२ मधली शेवटची अढी उलटी पडली आहे का तपासा.