गावाकडे अंगण होतं हे खरं, पण…

गावच्या म्हाताऱ्या माणसांना अंगण-परसू होतं, त्यामुळे कोरोनाच्या साथीतला लॉकडाऊन त्यांना फारसा जाणवला नाही, असं म्हटलं जातं. २०२०च्या मेअखेरपर्यंतचं मला पटतं. श्रीवर्धनजवळ राहणाऱ्या माझ्या आत्याचं कोकमं सुकवणं, फणसाच्या साटा घालणं नेहमीसारखंच चाललं होतं. पण ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, ते असं म्हणताना कुणीच धरत नाही. वीज गेली, मोबाइलचे टॉवर बंद पडले, मुंबईतल्या लेकाचा रोज रात्रीचा फोन थांबला. तिकडे साथ जोरात, त्यामुळे तो लगेच येऊही शकेना. कौलं उडालेल्या पडवीत बसून आत्या बंद मोबाइल पदराने पुसायची आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला विचारायची, "मुंबैची काय खबर?" तिचं जेवण तुटलं ते तेव्हा.

आणि वाडी, म्हणजे सुपारीची बाग! श्रीवर्धनी रोठा या जातीच्या सुपारीची उभी झाडं मधूनच मोडली. नव्या रोपाला फळ धरायला पाच-सात वर्षं लागतात. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने हा हिशोब कसा करायचा? शिंपणं, पडलेली सुपारी वेचणं, सोलणं, यातच त्यांचा दिवस जायचा. ते काम गेलं आणि माणसं भरदुपारी अंथरूण धरून पडायला लागली. डॉक्टर म्हणाले, वय झालं. मला ते अजिबात पटलं नाही. त्यात भरपाईचा दर सुरुवातीला हेक्टरी, आणि आमच्याकडच्या वाड्या गुंठ्यांत. पडलेली झाडं बाहेर काढण्याची मजुरीही आत्याला त्यातून सुटली नाही.