एलएटी१ की एएससीटी२? अवरोधक रेणूसाठी वाहक प्रथिनाची निवड

प्रश्न (ठाणे):
मी येथील महाविद्यालयात एम. फार्म. करत असून कर्कपेशींना अमिनो आम्ले पुरवणाऱ्या वाहक प्रथिनांवर प्रबंध लिहिणार आहे. डॉकिंगमध्ये, म्हणजे रेणू प्रथिनात कसा बसेल याच्या संगणकीय अंदाजात, माझे काही मिथाइल एस्टर (आम्लाचा कार्बोक्झिल गट मिथाइलने झाकलेले रेणू) एलएटी१ या वाहकात उत्तम बसतात, परंतु मार्गदर्शकांचा कल ग्लुटामिन आत आणणाऱ्या एएससीटी२ या वाहकाकडे आहे. सुरुवात कोठून करावी आणि डॉकिंगच्या गुणांवर कितपत विसंबावे?

उत्तर १ (महापे):
एलएटी१च घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ४एफ२एचसी या जोडीदार प्रथिनासह त्याची रचना २०१९ मध्ये उलगडली, त्यामुळे निदान आधार तरी पक्का आहे. ते ल्युसिनसारखे अमिनो आम्ल आत घेताना ग्लुटामिनसारखे दुसरे बाहेर सोडते आणि रेणूची ओळख मुख्यतः मोकळ्या अमिनो व कार्बोक्झिल गटांवरून पटवते. एस्टरमध्ये कार्बोक्झिल गट झाकलेला असतो, म्हणून त्याला मिळालेल्या गुणांवर भिस्त ठेवू नये. संश्लेषणात तो मधला टप्पा समजावा आणि शेवटी लिथियम हायड्रॉक्साइडने आम्ल मोकळे करावे. बाजूच्या साखळीत मात्र भरपूर वाव आहे. बीसीएच हा जुना अवरोधक मिलिमोलर प्रमाणात द्यावा लागतो, तर टायरोसिनच्या सांगाड्यावर मोठा अरोमॅटिक भाग जोडलेला जेपीएच२०३ हा अवरोधक मायक्रोमोलरच्याही खाली परिणाम दाखवतो. जपानमध्ये पित्तनलिकेच्या कर्करोगात त्याची दुसऱ्या टप्प्याची चाचणीही झाली आहे.

उत्तर २ (खारघर):
निवडीशी सहमत आहे, पण खरी अडचण मोजमापात आहे. व्ही-९३०२ हा रेणू २०१८ मध्ये एएससीटी२चा अवरोधक म्हणून प्रसिद्ध झाला आणि उंदरांतील गाठींवर त्याचा परिणामही दिसला. त्याच वर्षी दुसऱ्या गटाने मांडले की तो एएससीटी२ला नव्हे, तर एसएनएटी२ (आणखी एक अमिनो आम्ल वाहक) व एलएटी१ला अडवतो. पेशीत ग्लुटामिन अनेक वाटांनी येत असल्याने केवळ ‘ग्लुटामिन कमी शिरले’ एवढ्यावरून लक्ष्य सिद्ध होत नाही. झेनोपस बेडकाच्या अंडपेशीत किंवा प्रोटिओलायपोसोममध्ये (प्रथिन बसवलेल्या कृत्रिम मेदपिशवीत) ते एकच प्रथिन ठेवून तपासणे मला अपरिहार्य वाटते.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. माझा रेणू वाहतूक अडवतो की स्वतःच आत वाहून नेला जातो, हे कसे ओळखावे?

उत्तर २ (खारघर):
पेशींत आधी किरणोत्सारी ल्युसिन भरावे आणि मग बाहेरच्या द्रावणात आपला रेणू घालावा. तो आत जात असेल तर अदलाबदलीमुळे ल्युसिन वेगाने बाहेर पडते. निव्वळ अवरोधक असेल तर तसा वेग वाढत नाही. लेव्होडोपा आणि मेल्फालान हेही एलएटी१मधूनच आत जातात, त्यामुळे हा फरक केवळ पुस्तकी नाही.

उत्तर ३ (वाशी):
चयापचय शेवटासाठी ठेवू नये. जेपीएच२०३च्या अमिनो गटावर एनएटी२ हे विकर अॅसिटाइल गट चढवते. क्षयरोगावरील आयसोनियाझिड याच विकरामुळे कोणात लवकर, तर कोणात सावकाश निकामी होते, आणि आपल्याकडे सावकाश प्रकारची माणसे पुष्कळ आहेत. ज्या अमिनो गटाशिवाय रेणू प्रथिनात धरलाच जात नाही, त्याच्याच शेजारी थोडी अडचण निर्माण करून अॅसिटिलीकरण मंदावते का, हा प्रबंधाचा एक स्वतंत्र भाग होऊ शकेल.