जुन्या पेट्रोल पंपाच्या जागेवर माती-पाण्याचे नमुने: बेतात काय चुकतंय?

मुरूमखडक
जागा पुण्याच्या बाजूची. पंप बंद, टाक्या काढून झाल्या. टाकीचा तळ ३.५ मीटरवर होता. वर मीटरभर काळी माती, मग ५ मीटरपर्यंत मुरूम, खाली काळा पाषाण. पाणी उन्हाळ्यात ७ मीटरवर, पावसाळा सरताना ३ वर. आवारात ६ इंची, ६० मीटर खोल जुनी बोअर आहे, सबमर्सिबल लावलेली. बेत असा: डीटीएच गाडीने (हवेच्या दाबावर हॅमर चालवून खडक फोडणारी) तीन बोअर मारायच्या, वर येणारा चुरा पिशवीत भरून माती म्हणून पाठवायचा, आणि पाणी जुन्या बोअरच्या नळाला बाटली लावून घ्यायचं. तपासायचंय बेंझिन, टोल्युइन, झायलिन आणि एकूण हायड्रोकार्बन (पेट्रोल-तेलातली द्रव्यं मिळून). चूक असेल तर सांगा.

पाझर
चुरा अजिबात पाठवू नका. डीटीएचच्या हवेच्या झोतात बेंझिन उडून जातं आणि कॉम्प्रेसर-हॅमरचं तेल चुऱ्यात मिसळतं. म्हणजे बेंझिन शून्य आणि जड हायड्रोकार्बन भरपूर, असा उलटाच अहवाल हाती येईल.

काळी माती आणि मुरूम हाताच्या ऑगरने (फिरवून माती काढायचा गिरमिट) किंवा ठोकून घालायच्या नळीने काढा. डीटीएच फक्त पाषाणात, भोक पाडण्यापुरती. नळी उघडली की लगेच बाहेरचा थर खरवडून टाका. १० मिलीच्या प्लास्टिक सिरिंजचं तोंड कापून ती आतल्या ताज्या मातीत दाबा आणि साधारण ५ ग्रॅमचा गोळा प्रयोगशाळेने आधी तोलून, मिथेनॉल (बेंझिन उडू न देता धरून ठेवणारं द्रावक) घालून दिलेल्या ४० मिलीच्या कुपीत ढकला. माती मिथेनॉलमध्ये पूर्ण बुडली पाहिजे. कुपीच्या आट्यांवर वाळूचा एक कण राहिला तरी झाकण गळतं, तेव्हा पुसून मगच आवळा. ओलाव्यासाठी त्याच खोलीची माती वेगळ्या बरणीत, मिथेनॉलशिवाय. मुरमात सिरिंज घुसणार नाही. तिथे बारीक तुकडे झटपट चिमट्याने टाकायचे, दुसरा इलाज नाही.

खोल्या: टाकीच्या तळाखाली लगेच, मुरूम-पाषाणाच्या सांध्यावर, आणि काळ्या मातीत भेगेच्या कडेला. उन्हाळी भेगांतून पेट्रोल सरळ खाली जातं, दोन भेगांमधली माती स्वच्छ निघू शकते.

भूजल_मोजणी
जुन्या बोअरवर भिस्त ठेवू नका. ती ६० मीटरमधल्या सगळ्या भेगांचं पाणी एकत्र करते, वरचं दूषित पाणी त्यात पातळ होऊन जातं. शिवाय ६ इंची बोअरमध्ये दर मीटरला सुमारे १७.७ लिटर पाणी असतं. नमुन्याआधी साचलेलं पाणी उपसावं लागतं, साधारण तीन भरणं (एक भरण म्हणजे बोअरभर पाणी). पाणी ८ मीटरवर धरलं तर एक भरण ९२० लिटर, तीन भरणं म्हणजे पावणेतीन हजार लिटर. ते पाणी टाकणार कुठे? नाल्यात सोडता येत नाही.

तीन नव्या बोअरमध्ये ५० मिमीचा आटे असलेला पीव्हीसी पाइप घाला. प्लंबर सवयीने सॉल्व्हंट सिमेंट लावतो, तिथे उभं राहून त्याला अडवा; त्यातली द्रावकं पाण्यात उतरतात. चिरा पाडलेला भाग २.५ ते ८.५ मीटर, म्हणजे पाणी ७ वर असो की ३ वर, तरंगणाऱ्या पेट्रोलला आत यायला वाट राहील. भोवती धुतलेली वाळू २ मीटरपर्यंत, त्यावर मीटरभर बेंटोनाइट (पाण्याने फुगून फट बुजवणारी चिकणमाती), वर सिमेंट. मुरूम कोरडा असेल तर बेंटोनाइटवर पाणी ओता, नाहीतर ते फुगत नाही आणि पावसाचं पाणी पाइपाच्या कडेने थेट खाली उतरतं.

पाझर
भर घालतो: गाळ काढून झाल्यावर आठवडाभर तरी बोअरला हात लावू नका. डीटीएचने भेगांत हवा कोंबलेली असते.

भूजल_मोजणी
बरोबर. मग आधी तवंग मोजा. पाण्यावर पेट्रोलचा थर असेल तर विरघळलेल्या बेंझिनचा नमुना तिथून घेण्यात अर्थ नाही. पाइपातला थर जमिनीतल्यापेक्षा जाड दिसतो, हेही ध्यानात ठेवा.

तवंग नसेल तर ब्लॅडर पंपाने (पाण्यात सोडलेली पिशवी दाबून पाणी हळू वर ढकलणारा) मिनिटाला १०० ते ५०० मिलीच, आणि पातळी १० सेंमीपेक्षा जास्त खाली जाऊ द्यायची नाही. दर ३ ते ५ मिनिटांनी वाचन. सलग तीन वेळा पीएच ०.१ च्या आत, वाहकता ३ टक्क्यांच्या आत आणि विरघळलेला ऑक्सिजन १० टक्क्यांच्या आत राहिला की कुपी भरा. वरून ओढणारा मोनोब्लॉक नको, त्याच्या चोषणाने बेंझिन निसटतं. पाषाणातली बोअर कोरडी पडली तर पाणी पुरेसं चढताच, २४ तासांच्या आत, नमुना घ्या.

कुपीबंद
पाण्याची कुपी काठोकाठ, उलटी करून टिचकी मारल्यावर बुडबुडा दिसता कामा नये. नमुना टिकावा म्हणून आम्ल घालतात; ते घातल्यावर पाणी फसफसलं (कंकराच्या, म्हणजे चुनखडीच्या खड्यांच्या भागात हे नेहमीचं) तर आम्ल नको. बर्फात ठेवून ७ दिवसांत तपासणी करून घ्या. आम्लासह १४ दिवस मिळतात. थर्मोकोलच्या पेटीतला बर्फ वितळून चिठ्ठ्या पुसल्या जातात, म्हणून कुपी बंद पिशवीत घाला. पेटीत प्रयोगशाळेतून शुद्ध पाण्याने भरून आलेली एक कुपी न उघडता परत पाठवायची. तिच्यात बेंझिन निघालं तर ते प्रवासातलं. जनरेटर वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवा, म्हणजे त्याचा धूर नमुन्याकडे येणार नाही.

आणि पंप २००० च्या आधीपासूनचा असेल तर शिसंही तपासा, तेव्हाच्या पेट्रोलमध्ये ते असायचं. शिशाची बाटली वेगळी: ०.४५ मायक्रॉनमधून गाळून मग नायट्रिक आम्ल. आधी आम्ल घालून नंतर गाळलं तर गाळातलं शिसं पाण्यात उतरतं आणि आकडा फुगतो.