आफ्रिकेत मुळे शोधायला जाताना मनाची तयारी : आपले अनुभव लिहा

सदाफुली :
काल कपाट आवरताना पासपोर्टांच्या पिशवीत पिवळ्या तापाच्या लशीचे पिवळे कार्ड सापडले आणि २०१९ सालचा घानाचा प्रवास पुन्हा डोळ्यांपुढे उभा राहिला. माझे यजमान कृष्णवर्णीय अमेरिकन आहेत. व्हर्जिनियात १६१९ मध्ये गुलाम म्हणून आफ्रिकी माणसे उतरवली गेली, त्याला ४०० वर्षे झाली म्हणून घानाने ते वर्ष ‘परतीचे वर्ष’ म्हणून जाहीर केले होते, आणि सासूबाईंनी “आता नाही तर कधीच नाही” असे म्हणून आम्हा दोघांना बरोबर घेतले. लस, व्हिसा, मलेरियाच्या गोळ्या, सगळे चोख होते. मनाचीही तयारी करायची असते, हे मात्र मला कोणी सांगितले नव्हते.

चूक माझीच होती. लग्नानंतर आम्ही त्र्यंबकेश्वरी गेलो असताना उपाध्यायांनी वहीतून माझ्या खापरपणजोबांची मोडीतली सही काढून दाखवली होती. त्यामुळे मूळ हे कुठेतरी लिहिलेले असतेच, नीट शोधले की सापडते, असा माझा भाबडा समज होता. सासूबाईंचा शोध १८७० च्या जनगणनेपाशी येऊन थांबतो, कारण त्याआधीच्या १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या याद्यांत नाव असते ते मालकाचे, आणि खाली ओळीने फक्त वय, लिंग व वर्ण. डीएनए चाचणीतून त्यांना टक्केवारी मिळाली, गाव मिळाले नाही. विमानात मी मोठ्या उत्साहाने “आपण तुमचे गाव शोधू या” म्हणाले, तेव्हा त्या खिडकीबाहेर पाहू लागल्या.

घानाच्या किनाऱ्यावरच्या केप कोस्टच्या किल्ल्यात गुलामांना जहाजात चढवण्यापूर्वी कोंडून ठेवत. तिथे पुरुष कैद्यांच्या तळघराच्या वरच प्रार्थनेची जागा होती. त्या काळोखात सासूबाई रडतील म्हणून मी रुमाल काढून उभी होते. त्या रडल्या नाहीत. त्यांनी चपला काढल्या, वाकून जमिनीवर तळहात टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. पुढे ज्या दारातून माणसांना जहाजांकडे नेत, त्या दारात मी त्यांचा फोटो काढला. तो त्यांनी मला तिथेच पुसायला लावला आणि पुढचे दोन दिवस त्या फारसे बोलल्या नाहीत.

आपल्यापैकी कोणी अशा यात्रेत सोबतीला गेले असल्यास जरूर लिहावे. माझी मुलगी पुढच्या वर्षी आजीबरोबर जाणार आहे.

आक्राकर :
नोकरीनिमित्त नऊ वर्षे घानाच्या राजधानीत, आक्रात आहे आणि असे बरेच पाहुणे पाहिले आहेत. त्यांना सर्वांत जास्त लागतो तो ‘ओब्रुनी’ हा शब्द. आपल्या माणसांत आलो या भावनेने माणूस रस्त्यावर उतरतो आणि पहिलेच पोर त्याला गोऱ्यांसाठीच्या, परदेशी माणसासाठीच्या शब्दाने हाक मारते. त्यात कुत्सितपणा नसतो. आपल्याकडे अमेरिकेहून आलेल्या भाच्याला ‘फॉरेनचा’ म्हणतात, तितक्याच सहजपणे ते म्हटले जाते. पण हे निघण्यापूर्वी घरी बसून सांगितलेले बरे, रस्त्यात सांगून उपयोग होत नाही. डाव्या हाताने काही देऊ नये, हे आपल्या मुलीला वेगळे शिकवावे लागणार नाही.

दुसरे म्हणजे क्रम. लोक आधी किल्ला गाठतात. माझ्या मते आधी आसिन मान्सोला जावे. किनाऱ्याकडे चालवत नेलेल्या कैद्यांना तिथल्या नदीत शेवटची आंघोळ घालत. १९९८ मध्ये जमैकातून आणि अमेरिकेतून प्रत्येकी एका गुलामाचे अवशेष आणून तिथे पुरले. ते आणताना केप कोस्टच्या त्याच दारातून उलट्या दिशेने आत आणले होते. ती थडगी आधी पाहिलेली असली, तर त्या दारापुढे उभे राहणे थोडे सोपे जाते, असे मला अनेकांनी सांगितले आहे. किल्ल्यानंतरची दुपार मोकळी ठेवावी, जेवणाचे आरक्षणसुद्धा करू नये. केप कोस्टजवळच्या एल्मिना या गुलामांच्या दुसऱ्या किल्ल्याच्या दाराशी एका विक्रेत्याने माझ्या पाहुण्याला नाव विचारले, आणि पाहुणा सुन्न होऊन बाहेर आला तेव्हा त्याच नावाचा रंगवलेला शिंपला पुढे करून पैसे मागितले. चूक कोणाचीच नव्हती, पण तो क्षण फार वाईट गेला.

घाईतली :
कुकरच्या शिट्ट्या मोजत लिहीत आहे, म्हणून थोडक्यात. लस निदान दहा दिवस आधी घ्यावी. कार्ड आता आयुष्यभर चालते. घानाहून परस्पर मुंबईला येणार असाल, तर ते कार्ड हातातल्या पिशवीतच ठेवा, नाहीतर सहा दिवस विलगीकरणात बसावे लागू शकते. मलेरियाच्या काही गोळ्यांनी भयंकर स्वप्ने पडतात, हेही डॉक्टरांशी बोलून घ्यावे. माझ्या मैत्रिणीला तीन रात्री झोप नव्हती आणि आम्ही सगळे ते किल्ल्याचे दुःख समजत होतो!

मुरूडकर :
विषय थोडा उलटा करतो. आमच्याकडे एक कृष्णवर्णीय अमेरिकन अभ्यासक जंजिरा पाहायला आले होते. मलिक अंबर इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला, निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला आणि १६२६ मध्ये वारला. त्याची खुलताबादची कबर पाहून ते इकडे आले. जंजिऱ्यावर मूळच्या आफ्रिकी सिद्दींची सत्ता थेट १९४८ पर्यंत होती, हे ऐकून ते कलालबांगडी तोफेपाशी कितीतरी वेळ हसत उभे होते. त्यांची तयारी उत्तम होती. आमची नव्हती. होडीत चार कुटुंबांनी त्यांना न विचारता मुले त्यांच्या शेजारी बसवून फोटो काढले आणि मी यजमान असूनही गप्प बसलो.

घाईतली :
आपण बोलायला हवे होते, असे नम्रपणे सांगते. मीही बहुधा बोलले नसते.

मास्तरीणबाई :
सेनेगलमधल्या गोरे बेटाविषयी एक गोष्ट आधीच सांगून ठेवावी. तिथल्या गुलामगृहातून लाखो माणसे गेली, असे वाटाडे सांगत. इतिहासकारांच्या मते त्या घरातून गेलेल्यांची संख्या त्या मानाने फारच थोडी होती. माझ्या सहकारी बाईंनी हे परतीच्या विमानात वाचले आणि आपण खोट्या जागी रडलो, या विचाराने त्या कित्येक महिने अस्वस्थ होत्या. एकूण सुमारे सव्वा कोटी माणसे अटलांटिकपार नेण्यासाठी जहाजांत भरली गेली आणि त्यांतली अठरा लाखांच्या आसपास वाटेतच मेली, हा हिशेब त्या एका घरावर अवलंबून नाही; पण हे रडण्यापूर्वी कळलेले बरे असते.

आक्राकर :
सदाफुली, सासूबाईंना वाराचे नाव मिळाले का?

सदाफुली :
मिळाले, आणि अबोला तिथेच सुटला. अकान लोकांत जन्मवारावरून नाव ठेवतात, म्हणून वाटाड्याने सगळ्यांचे वार विचारले. सासूबाईंना आपला वार ठाऊक नव्हता. फोनवर तारीख घालून पाहिली तेव्हा शनिवार निघाला, म्हणजे त्या आमा झाल्या. मी सांगलीला आईला फोन लावला. तिने मंगळवार तर सांगितलाच, वर त्या दिवशी अंगारकी होती आणि माझ्यापायी तिचा उपास मोडला, हेही ऐकवले. हे भाषांतर करून सांगितल्यावर सासूबाई दोन दिवसांनी प्रथमच हसल्या. मंगळवारची मुलगी आबेना. त्या मला अजूनही त्याच नावाने हाक मारतात.

घाईतली :
माझा गुरुवार आहे. माझे नाव काय झाले असते?

आक्राकर :
या. फक्त एवढेच, ‘या’.