सल्ला हवा : इन्स्ट्रक्टर रेटिंगचं नूतनीकरण आणि परीक्षकाची निवड (जळगाव-धुळे)

जामनेरकर
नमस्कार मंडळी. माझं एफआयआर (पोलिसांतलं नव्हे, फ्लाइट इन्स्ट्रक्टर रेटिंग) लॅप्स झालंय. मधली काही वर्षं चार्टरवर उडत होतो, शिकवणं पार बंद. आता घरी राहून पुन्हा शिकवावं म्हणतोय. जळगाव विमानतळावर फ्लाइंग स्कूल आलीच आहेत, धुळे-शिरपूरही हाताशी. मेडिकल चालू आहे, ईजीसीएवरची (डीजीसीएच्या पोर्टलवरची) कागदपत्रं लावून झाली. घोडं अडलंय परीक्षकापाशी. दोन नावं समोर आहेत. एक ‘सोपे’ म्हणून प्रसिद्ध, दुसरे ब्रीफिंगलाच घाम फोडतात म्हणे. इथे कुणी नावं घेऊ नका, निवडताना काय बघायचं तेवढं सांगा. आणि मे महिन्यातच उरकू की पावसाळा जाऊ देऊ?

भो_गगन
सोपेवाले धरा अन मोकळे व्हा. सही ती सहीच असते भो.

उजवी_सीट
भो_गगन, सही मिळेल हो. पण पुढच्या सोमवारी डावीकडे विशीतलं पोरगं असेल आणि उजवीकडे हे. २०२१ च्या जुलैत चोपडा तालुक्यात वर्डीजवळ ट्रेनिंगचं विमान पडलं, त्यात इन्स्ट्रक्टर गेले, शिकणारी मुलगी जखमी झाली. कारणांवर मी बोलत नाही. एवढंच म्हणतो की हे काम सहीपुरतं नाही.

जामनेरकर, आधी परीक्षकांची मंजुरी परीक्षेच्या तारखेला चालू आहे का, आणि तीत इन्स्ट्रक्टरची चाचणी व तुम्ही उडवणार ते विमान दोन्ही बसतं का, हे स्कूलच्या सीएफआयकडून (मुख्य इन्स्ट्रक्टरकडून) लेखी घ्या. तोंडी ‘हो हो, चालतं’वर विमान बुक करू नका. रिफ्रेशर ज्यांच्याकडे घ्याल त्यांच्याकडेच परीक्षाही देऊ नका. तुमच्या खोडी त्यांच्या डोळ्यांना सरावलेल्या असतात.

मग त्यांच्याकडे नुकतीच परीक्षा दिलेल्या कुणाला तरी गाठा आणि एकच विचारा : उड्डाणानंतर डीब्रीफ (काय चुकलं, काय जमलं याची चर्चा) किती वेळ चालला? ‘ठीक आहे, चला’ एवढ्यावर आटोपलं असेल तर मी तरी तिकडे जाणार नाही. चांगले परीक्षक स्वतः विद्यार्थी बनतात. मुद्दाम फ्लेअर (उतरताना नाक उचलणं) उंचावर करतील, स्टॉलच्या (पंखांची उचल तुटण्याच्या) वेळी रडर (शेपटीचं सुकाणू) विसरतील, आणि तुम्ही कंट्रोल कधी मागता ते बघतील. फार लवकर घेतलंत तर पोरगं शिकणार नाही, उशीर केलात तर विषयच संपला.

तुमची खरी अडचण पॅटर (उडवता उडवता बोलून समजावणं) असेल. चार्टरवर हात चालतात, तोंड बंद असतं. शिकवताना शब्द आणि हात बरोबर पडावे लागतात, आणि सुरुवातीला शब्द मागेच राहतात. घरी खुर्चीत बसा, सर्किट (धावपट्टीभोवतीची फेरी) डोळ्यांसमोर आणा, मोठ्याने बोला, मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. घरचे हसतील, हसू द्या.

तापीकाठची
माझं रेटिंग अमेरिकेतलं. तिथे डिसेंबर २०२४ पासून इन्स्ट्रक्टरच्या सर्टिफिकेटवर एक्स्पायरी डेट छापतच नाहीत, दर २४ महिन्यांत अनुभव दाखवायचा. पाच जणांना परीक्षेला पाठवलं आणि त्यातले ८० टक्के पहिल्याच फटक्यात पास झाले, तरी चालतं. इथल्या अर्जाला याचा काडीचा उपयोग नाही, म्हणून दादा, यूट्यूबवरचे तिकडचे व्हिडिओ बघून इथले नियम ठरवू नका. बाकी उजवी_सीट यांच्याशी सहमत. ‘कडक’ आणि ‘खवट’ यातला फरक मात्र आधी विचारून घ्या. ओरडणाऱ्या परीक्षकाकडून मी काहीही शिकले नाही.

आबा_पारोळा
मे महिन्याचं बोलतो. जळगावची उंची समुद्रसपाटीपासून हजार फुटांच्या आत. पण पारा ४४ ला गेला की डेन्सिटी आल्टिट्यूड (हवा विरळ झाल्यानं विमानाला जाणवणारी उंची) साडेचार हजार फुटांच्या पुढे जाते. दोन धिप्पाड माणसं आणि भरलेल्या टाक्या घेऊन १७२ (सेसनाचं छोटं विमान) दुपारी कशी रांगते ते तुम्ही पाहिलंच असेल. शिवाय थर्मलनं डुचमळायला होतं, स्टीप टर्नमध्ये उंची धरताना नाकी नऊ येतात. पहाटेचा स्लॉट मिळत असेल तर मे चालेल, नाहीतर ऑक्टोबरनंतर बघा. जून-सप्टेंबरात ढग खाली आले की स्पिनला (विमान गरगरत खाली आणून सावरायला) उंचीच मिळत नाही, तारखेवर तारीख पडते.

जामनेरकर
धन्यवाद आबा, ताई, भाऊ. घाम फोडणाऱ्यांनाच फोन करतो. एक शंका : स्पिन दाखवायचं ठरलं तर विमान कोणतं? एका स्कूलकडे डीए४० (डायमंडचं छोटं विमान) आहे.

उजवी_सीट
डीए४० मध्ये मुद्दाम स्पिन करायला मनाई आहे, तो विषय तिथेच मिटला. १७२ असेल तर युटिलिटी कॅटेगरीत (कमी वजनाच्या मर्यादेत), मागच्या सीट रिकाम्या, वजनाचा हिशेब आधी कागदावर. एक चक्कर आणि रिकव्हरी यात हजार फूट जाऊ शकतात. मॅन्युअलप्रमाणे सावरून झाल्यावर खाली चार हजार फूट शिल्लक हवेत, तेव्हा एंट्री त्याहून बरीच वर. परीक्षक हा हिशेब विचारणारच. फोन करताना त्यांना त्या विमानावर स्पिन हवंय की फक्त ब्रीफिंग, तेही विचारून घ्या.

आबा_पारोळा
आणि टाक्या किती भरायच्या ते स्कूलवाल्यांना आदल्या संध्याकाळी सांगा. पहाटे पोचावं तर विमान काठोकाठ भरून उभं असतं, मग इंधन कोण काढत बसणार?