घरामागचं गोल्फ कोर्स: आमच्या फॅमिली ग्रुपवरची चर्चा

प्रसाददादा: (फोटो) आज सकाळी मागच्या अंगणातून काढलाय.

मावशी: अरे हे काय! मी आले होते तेव्हा हिरवंगार होतं की रे. तळ्यात बदकं होती.

प्रसाददादा: मालकाने गोल्फ कोर्स बंद केलं. पाणी तोडलं आणि इकडे अमेरिकेत, फिनिक्सच्या उन्हात गवत बघता बघता जळून गेलं. तू ज्याला तळं म्हणतेस ना, तो पाण्याचा साठा होता, खाली अस्तर घातलेला. आता ते अस्तर उघडं पडलंय, फाटलंय, आणि तळाशी जो गाळ आहे त्याचा वास येतो.

वहिनी: वास येतो म्हणे. मागचं दार उघडायची सोय राहिलेली नाही.

मामा: प्रसाद, तू खेळायचास का तिथे?

प्रसाददादा: एकदाही नाही मामा 😅

मामा: मग घर तिथे कशाला घेतलंस?

वहिनी: व्ह्यू! त्या रांगेतल्या घरांना समोरच्या रांगेपेक्षा जास्त भाव होता. आम्ही तो हौसेने मोजला.

प्रसाददादा: सगळी गोम तिथेच आहे मामा. 1980-90 च्या दशकांत इकडे कितीतरी कोर्सेस बांधली ती खेळणाऱ्यांसाठी नाहीच, घरं विकायला. 18 होल्सचं कोर्स (होल म्हणजे चेंडू मारत शेवटी खड्ड्यात घालायचा एकेक टप्पा) म्हणजे अंदाजे दीडशे एकर. मधे हिरवळ, कडेने घरं, ब्रोशरवर फोटो. घरं विकून झाली की बिल्डर मोकळा. मागे राहतो पाण्याचा, खताचा, माणसांच्या पगाराचा खर्च, आणि आजूबाजूला माझ्यासारखे लोक, जे नुसते बघतात.

मावशी: दीडशे एकर??? आपली सबंध वाडी बसेल की त्यात, नदीसकट.

प्रसाददादा: 2006 पासून पुढे वर्षानुवर्षं अमेरिकेत जेवढी नवी कोर्सेस उघडली त्यापेक्षा जास्त बंद झाली. आधीच गरजेपेक्षा जास्त बांधून ठेवलेली, त्यात 2008 ची मंदी. शिवाय एका राउंडला, म्हणजे सगळी होल्स एकदा खेळायला, चार-साडेचार तास लागतात, लहान मुलं असलेल्या माणसाने ते आणायचे कुठून? कोविडमध्ये मोकळ्या हवेत खेळायला मिळतं म्हणून गर्दी वाढली, पण आमच्या इथे तोवर उशीर झाला होता.

मी: दादा, आपल्या मुंबईतलं तर तुमच्याही आधी गेलंय. रॉयल बॉम्बे गोल्फ क्लब, 1842 चा. हिंदुस्थानात त्याच्या आधीचं फक्त कलकत्ता, 1829. फोर्टाबाहेरचं जे जुनं एस्प्लनेड होतं, ज्याचे आता ओव्हल, क्रॉस, आझाद आणि कूपरेज असे तुकडे झालेत, तिकडे हे साहेबलोक खेळायचे. आज त्या क्लबचं नावसुद्धा कुणाला ठाऊक नाही. मुंबईत गोल्फ म्हटलं की लोक चेंबूर सांगतात. ते 1927 चं.

मामा: क्रॉस मैदानावर गोल्फ? मी वीस वर्षं तिथून चर्चगेटला चालत गेलोय. पाटी नाही, दगड नाही, काही नाही.

मी: खूण आहे, पण स्कॉटलंडला. या क्लबने 1840 च्या दशकात सेंट अँड्र्यूजच्या क्लबला एक चांदीचं पदक भेट दिलं. ‘बॉम्बे मेडल’. तिथल्या सदस्यांच्या स्पर्धेत दुसरा येणाऱ्याला ते मिळतं. क्लब बुडाला, मैदानाचे क्रिकेटचे पिच झाले, पदक आहे.

मावशी: म्हणजे दुसरा आला की मुंबई 😄

चिनू: हॅलो, मी पण आहे ग्रुपवर. तुम्हाला लिडो माहितीये का?

मामा: ते पत्त्यांचं?

चिनू: ते लूडो मामा, आणि ते पत्त्यांचं नसतं. लिडो हे न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरचं कोर्स. चार्ल्स मॅकडोनल्ड आणि सेथ रेनर यांनी केलेलं, 1917 च्या सुमाराचं. जागा म्हणजे निव्वळ दलदल. शेजारच्या खाडीतून पंपाने रेती उपसून टाकली, सुमारे 20 लाख घनयार्ड, आणि चढउतार, टेकाडं सगळं हाताने घडवलं. त्यातलं शेवटचं होल तर मासिकाच्या स्पर्धेतून आलं होतं. 1914 ला ‘कंट्री लाइफ’ने डिझाइन मागवली होती, पहिला आला अॅलिस्टर मॅकेंझी. पुढे अमेरिकेतलं ऑगस्टाचं प्रसिद्ध कोर्स केलं तोच.

प्रसाददादा: तुला हे कसं माहीत? तू तर बॅटसुद्धा धरत नाहीस.

चिनू: गेममुळे. ऐका ना. दुसऱ्या महायुद्धात जागा नौदलाने घेतली आणि कोर्स संपलं. नकाशे अपुरे, फोटो विखुरलेले. मग शिकागोच्या पीटर फ्लोरी नावाच्या माणसाने (व्यवसायाने वित्त सल्लागार, आर्किटेक्ट वगैरे नाही!) जुने फोटो जमवून एका गोल्फच्या कॉम्प्युटर गेममध्ये ते आख्खं कोर्स परत उभं केलं. सावल्या कुठे पडल्यात, मागे कुठली इमारत दिसते, यावरून उंचसखलपणा काढत बसला. त्याच्या मॉडेलवरून टॉम डोक या कोर्स-आर्किटेक्टने विस्कॉन्सिनमध्ये खरंखुरं लिडो बांधलं. 2023 ला उघडलं.

मामा: समुद्राकाठचं कोर्स विस्कॉन्सिनला? तिथे कुठला समुद्र?

चिनू: नाहीये. पण जमीन रेताड आहे.

मामा: मग ते लिडो नव्हे. कागदावर उंची जुळली म्हणून जागा जुळते का? खारा वारा कुठून आणणार? चेंडू उडवणार तो वारा.

चिनू: मामा, मग टर्नबेरीबद्दल काय म्हणाल? स्कॉटलंडचं. दुसऱ्या युद्धात तिथे विमानतळ केला, गोल्फच्या जमिनीवर काँक्रीटच्या धावपट्ट्या. युद्धानंतर उखडून 1951 पर्यंत पुन्हा कोर्स केलं आणि 1977 ला तिथेच ब्रिटिश ओपन ही मोठी स्पर्धा झाली, वॉटसन विरुद्ध निकलॉस, दोघेही त्या काळचे दिग्गज. तिथे समुद्रही तोच आणि वाराही तोच.

मामा: ते मान्य. जागा तीच आहे.

वहिनी: आमच्याकडे काय करणार ते सांगा. लोक म्हणतात घरं बांधतील, नाहीतर गोदाम.

चिनू: जपानमध्ये सोलर पॅनल लावतात. तिथे 80 च्या दशकात कोर्सेसचं पेव फुटलं होतं, मेंबरशिप शेअरसारख्या विकल्या जायच्या. तेजीचा फुगा फुटल्यावर कोर्सेस ओस पडली. क्योटोजवळ अशाच एका पडीक जागेवर क्योसेरा कंपनीने 23 मेगावॉटचा प्रकल्प उभा केला. जागा मोकळी, ऊन भरपूर, बरीचशी झाडं आधीच तोडलेली.

वहिनी: म्हणजे खिडकीतून पॅनल बघायचे. नको बाई.

मावशी: बाग करा ना सरळ.

प्रसाददादा: क्लीव्हलंडला केलीये मावशी. अकेशिया कंट्री क्लब, 155 एकर. 2012 ला एका निसर्ग संवर्धन संस्थेने विकत घेऊन पार्कवाल्यांना देऊन टाकला. गंमत म्हणजे बाग करायला त्यांनी लावण्याइतकंच मोडण्याचंही काम केलं. गवत कोरडं राहावं म्हणून जमिनीखाली निचऱ्याच्या नळ्या घातलेल्या असतात, त्या निकामी केल्या. पाणी साचायला लागलं, मग पाणथळीतली झाडं, पक्षी. पण तिथे पाऊस पडतो. इथे पाणी बंद म्हणजे धूळ.

मामा: हे सगळं ठीक आहे. खरेदीखतात काय लिहिलंय?

प्रसाददादा: कुणाच्या?

मामा: तुझ्या! आणि त्या कोर्सच्या जमिनीच्या. माझी नोकरी रजिस्ट्रार ऑफिसात गेली बाबा. आपल्याकडे लेआउटमध्ये ‘खेळाचे मैदान’ म्हणून दाखवतात आणि दहा वर्षांनी तिथे दुकानं उभी राहतात, कारण नकाशावर हिरवा रंग होता पण दस्तात ओळ नव्हती. ब्रोशरला कोर्टात कुणी विचारत नाही.

प्रसाददादा: मामा, अगदी हेच आमच्या शेजारी घडलंय. अवाटुकी लेक्स, फिनिक्समध्येच. छोटं कोर्स, 2013 ला बंद केलं. मालकाला घरं बांधायची होती. रहिवासी कोर्टात गेले. त्या जमिनीवर नोंदवलेल्या अटींत गोल्फ कोर्सच लिहिलेलं होतं, म्हणून कोर्ट रहिवाशांच्या बाजूने गेलं. बरीच वर्षं खेटे घातले, पण कोर्स परत झालं.

मामा: बघ! आता तुझ्या कागदाचा फोटो टाक.

प्रसाददादा: (फोटो) चौथं पान. अट आहे, पण मुदत आहे. ती संपल्यावर बहुसंख्य घरमालकांनी ठरवलं तर बदलता येते.

मामा: म्हणजे बिल्डर आता मतं गोळा करणार. समोरच्या रांगेतल्यांना व्ह्यू नव्हताच, त्यांना कोर्स गेलं काय, राहिलं काय. त्यांच्याकडे जा, चहा पी, बोल. आणि अजून एक. त्या कोर्सच्या पाण्याचा हक्क कुणाच्या नावावर आहे?

प्रसाददादा: जमिनीबरोबरच असेल ना?

मामा: असेल ना म्हणू नकोस, शोध.

प्रसाददादा: शोधलं. अॅरिझोनाच्या 1980 च्या भूजल कायद्यात एका प्रकारचे हक्क जमिनीपासून वेगळे विकता येतात.

मामा: मग ते विकले गेले असतील तर तू खटला जिंकून करणार काय? शनिवारच्या मीटिंगमध्ये हा प्रश्न पहिला विचार. लेखी.

वहिनी: मामा, तुम्ही झूमवर येता का मीटिंगला?

मामा: किती वाजता आहे? आपल्या वेळेने सांगा.