उत्तर: साथीचा निधी एकाच मोठ्या संस्थेला?

प्रेषक: खजिनदार

मंडळी, नमस्कार.
साथीसाठी बाजूला ठेवलेला निधी एकाच मोठ्या संस्थेला द्यावा, असं कार्यकारिणीत बहुतेकांचं मत पडलं. लेखापरीक्षित हिशेब मिळतात, पावती वेळेवर येते. छोट्यांकडून ‘पाठवतो, पाठवतो’ ऐकण्यात वर्ष जातं. हरकत असल्यास रविवारपर्यंत कळवा.

प्रेषक: एक आजीव सभासद

खजिनदारसाहेब, हरकत आहे.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये मी पाच-सहा जणांच्या एका संस्थेसाठी घरून फोन करायचे. रोज ४० नंबर, एक वही. फोन उचलला नाही की नावाभोवती लाल गोल. एक आजोबा रोज “मजेत आहे” म्हणून ठेवून द्यायचे. त्यांना ओळखणारी कार्यकर्ती वही चाळताना थबकली. “हे कधी एवढं थोडक्यात आटपत नाहीत.” तिने जाऊन दार वाजवलं. इन्सुलिन संपत आलं होतं म्हणून स्वारी पुरवून पुरवून घेत होती. मागायची लाज! माझ्या नोंदीत मात्र ‘संपर्क झाला, गरज नाही’.

हे कोविडपुरतंच नाही. न्यूयॉर्कमध्ये १९८२ साली ‘गे मेन्स हेल्थ क्रायसिस’ ही स्वयंसेवी संस्था सुरू झाली, तेव्हा एड्सचा विषाणूही सापडला नव्हता. रक्तचाचणी आली १९८५ मध्ये. तोवर फोनवर माहिती देणं, आजाऱ्याच्या उशाशी बसणं हे स्वयंसेवकच करत होते. पश्चिम आफ्रिकेत इबोलाने गेलेल्यांच्या देहातूनही संसर्ग व्हायचा, पण देहाला हात लावू नका या नुसत्या मनाईला लोक जुमानेनात. शेवटी नोव्हेंबर २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने धर्मगुरूंना सोबत घेऊन सुरक्षित, पण सन्मानाने दफन करण्याची पद्धत आखली. ती घरोघरी पटवायला तिथलीच माणसं लागली.

छोट्यांचं सगळंच गोड नसतं. आमच्याकडूनही एका घरी दोनदा औषधं गेली आणि शेजारचं घर राहिलं. यंत्रखरेदी तर त्यांच्या गळ्यात मारूच नये. मिनिटाला ५ लिटरचा ऑक्सिजन काँसंट्रेटर (हवेतून प्राणवायू काढून देणारं यंत्र) अत्यवस्थ रुग्णाला पुरत नाही, हे सांगायला जाणकार लागतो. तिथे मोठेच बरे.

पण छोट्यांना द्याल ते ‘फक्त मास्कसाठी’ असं बांधून देऊ नका. साथ आली की त्यांचे निधी जमवायचे कार्यक्रम बंद आणि काम दुप्पट. फोनबिल, पेट्रोल दिसलं की आपण ‘प्रशासकीय खर्च’ म्हणून नाक मुरडतो. ती वही त्याच खर्चातली.

प्रेषक: खजिनदार

ताई, वहीचं पटलं. पण तुमच्या त्या संस्थेने पावतीसाठी मला तीन महिने झुलवलं होतं, ते लेखापरीक्षकाला कसं समजावू? अर्धा निधी छोट्यांना द्यायचं कार्यकारिणीपुढे मांडतो. सहा महिन्यांनी हिशेब हवा, आणि तो गोळा करायचं काम तुमच्याकडे.

प्रेषक: एक आजीव सभासद

चालेल. फॉर्म मात्र मी करणार, एका पानाचा. मागचा तुमचा अकरा पानी होता. पावतीला उशीर का झाला ते आता कळलं असेल.